रेणू गोरी काऊन झाली: चित्रपुस्तकाच्या कामाच्या नोंदी

उत्तर नागपुरातल्या आमच्या अभ्यासिकेतर्फे सहा गोष्टींचं ४८ पानी रंगीत चित्रपुस्तक काढून राहिलो. डेडलाइन दसरा, कारण दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे जेवढे स्टॉल लागतात आणि जेवढी पुस्तकं विकली जातात तेवढी आमच्या ओळखीत दुसरीकडे कुठंच नाही, आणि २०२५ चा दसरा लवकर, २ ऑक्टोबरलाच. कोणाला असं पुस्तक करायचं असेल तं काय काय अडलं ते इथं लिहून ठेवतो.

८ जून २०२५

मजकूर फायनल झाला. सहा गोष्टी अशा: इंदोऱ्यात (उत्तर नागपुरातली आंबेडकरी वस्ती) आजोबांच्या सायकल दुकानात बसणारी रेणू, कामठीच्या विणकराचा पोरगा, पेंचकडची गोंड मुलगी, हिवाळ्यात स्वेटर बाजारात आईसोबत येणारी तिबेटी मुलगी, मलिक अंबरच्या नहरीची गोष्ट आणि वीटभट्टीवरच्या मुकादमाची. सगळ्यांनी मिळून ठरवलं की कोणालाच आडनाव द्यायचं नाही आणि दिसण्याचं वर्णनही करायचं नाही, वाचणाऱ्या पोराने आपल्या मनाने बघावं. आडनाव आलं की जात विचारणं सुरू होते, म्हणून ते नकोच, असा विचार.

१९ जून

रेणूच्या गोष्टीचे स्केच आले. चित्रं काढणारी ताई हाताची पक्की आहे, सायकलची चेन, पाण्याचं घमेलं, टायरचा ढीग सगळं एक नंबर. आणि मधात रेणू: गोरीपान, नाक टोकदार, दोन लांब सरळ वेण्या, फ्रिलचा फ्रॉक. घर दाखवलं तं अंगणात तुळशीवृंदावन, ओसरीत झोपाळा, आजोबा धोतर-टोपीत. इंदोऱ्यात! आम्ही मजकुरात झोपाळा हा शब्दसुद्धा लिहिला नव्हता.

बरं ताई काही बाहेरची नाही, इथलीच आहे, स्वतः सावळी आहे, तिच्या आजोबांचं घर पाचपावलीत. तिला विचारलं तं तिने शांतपणे सांगितलं, "तुम्ही काहीच लिहिलं नाही ना दादा, मग मी पुस्तकात असते तशी मुलगी काढली." यावर बोलायला काही उरत नाही. आडनाव काढलं म्हणजे जात गेली असा हिशेब होता, पण झालं असं की रिकामी जागा दिसली आणि तिथं आपोआप सदाशिव पेठ येऊन बसली.

स्केचच्या या राउंडचे पैसे ताईला पूर्ण दिले. तिचा दोष नाही, आणि "मजकुराप्रमाणे काढलं नाही" म्हणायला मजकुरातच काही नव्हतं.

२२ जून

पुढं जायच्या आधी पोरांवर टेस्ट घेतली. चित्रं न दाखवता गोष्ट मोठ्याने वाचली, मग कागद आणि खडू दिले, म्हटलं रेणू काढा.

पाच मिनिटांत एकाच खडूसाठी भांडण. "स्किन कलर दे ना बे." म्हणजे तो फिक्कट गुलाबी पीच खडू. ज्याच्या हातात तो खडू होता त्या पोराचा हात आणि खडूचा रंग यांचा काही संबंध नाही, पण ते कोणालाच खटकून नव्हतं राहिलं, मोठ्यांनाही नाही. अमेरिकेत क्रेयोलाच्या डब्यात हाच खडू 'फ्लेश' नावाने यायचा, १९६२ मध्ये त्यांनी नाव बदलून 'पीच' केलं. आमच्याकडे २०२५ मध्ये तो स्किन कलरच आहे.

बऱ्याच जणांनी रेणूचं घर गेटवाला बंगला काढला. एका मुलीने मात्र ताडपत्रीचं छप्पर, हवेचा पंप, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असं सगळं बरोब्बर काढलं, तिच्या मामाचं दुकान असंच आहे म्हणे. आणि मग तिनेही चेहऱ्यात पीचच भरला.

ही टेस्ट फुकट होते. स्केचला पैसे द्यायच्या आधी करा.

२९ जून

मजकूर पुन्हा हातात घेतला. पहिला उपाय सोपा वाटला, पहिल्याच वाक्यात 'सावळी रेणू' टाकलं. दुसऱ्या बॅचला वाचून दाखवलं, चित्रं पुन्हा गोरी. एकदा लिहिलेलं लोक वाचत नाहीत, किंवा वाचतात आणि डोक्यातल्या ठरलेल्या मुलीला काही होऊ देत नाहीत. 'द हंगर गेम्स'च्या वेळी हेच झालं होतं, पुस्तकात रू नावाच्या मुलीची कातडी गडद तपकिरी असल्याचं सरळ लिहिलं आहे, तरी २०१२ मध्ये सिनेमा आला तेव्हा ती काळी मुलगी पाहून काही वाचक ट्विटरवर भडकले की आमची रू अशी नव्हती. तिथं लेखिकेने लिहूनही ही गत, आम्ही तं लिहिलंच नव्हतं.

मग ग्रुपमधल्या एकाने वर्णन लिहून आणलं, 'रंगाने सावळी असली तरी नाकीडोळी नीटस'. हे लगेच काढलं. 'असली तरी' म्हणजे काय, माफी मागून राहिलो का आपण?

आणखी एक वाक्य बरंच भांडून काढलं. शेजारची काकू म्हणते, उन्हात बसू नको काळी पडशील, आणि रेणू म्हणते पडू द्या. वाक्य झणझणीत होतं, मलाही आवडलं होतं. पण ते ठेवलं की गोष्ट रंगाची होते, आणि आपली गोष्ट ब्रेकची आहे, एका पोस्टमनच्या सायकलचा ब्रेक लागत नाही त्याची. गोऱ्या पोरीला गोष्टीत नुसता ब्रेक दुरुस्त करता येतो, सावळ्या पोरीने मात्र आधी आपल्या रंगावर दोन शब्द बोलायचे, हे आमच्यातल्या दोघींना बिलकुल पटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

शेवटी जे चाललं ते असं: रंग तीन वेगवेगळ्या ठिकाणी, जाता जाता, कामाच्या वाक्यात. ग्रीस तिच्या मनगटावर दिसत नाही पण नखांवर दिसते. आजोबांचा आणि तिचा हात एकाच चाकावर, दोन्ही हात सारखेच तपकिरी, एक सुरकुतलेला. कुरळे केस रबरातून सुटतात म्हणून ती पान्याने मागे ढकलते. आणि घरात काय काय आहे ते लिहिलं: निळा झेंडा, फोटो, स्टीलचे डबे, कुलरची खिडकी. आडनाव अजूनही नाही. तिसऱ्या बॅचमध्ये पीचसाठी भांडण कमी झालं, संपलं नाही.

७ जुलै

या आठवड्यात वेळ वाया गेला, म्हणून थोडक्यात. कोणीतरी म्हणालं की फुकटवालं एआय वापरून रेफरन्स काढू, ताईचं काम हलकं होईल. 'नागपूरची मुलगी सायकल दुरुस्त करताना' लिहिलं तं गोरी, टिकली लावलेली, घागरा घातलेली, मागे राजस्थानातला किल्ला. 'सावळी' टाकलं की लगेच कपडे फाटले, चेहऱ्यावर धूळ, डोळ्यात पाणी. हसरी, नीट कपड्यातली, सावळी मुलगी काही केल्या येईना. सोडून दिलं. त्याऐवजी ओळखीच्या दुकानात जाऊन फोनवर फक्त हात, दुरुस्तीचे पाने आणि चाकांचे फोटो काढले, दुकानदाराला विचारून. पोरांचे चेहरे काढले नाहीत.

१५ जुलै

मलिक अंबर. इथं सगळ्यात जास्त डोकं लागलं आणि सगळ्यात जास्त मजाही आली.

गोष्ट खडकीतल्या, म्हणजे आत्ताच्या छत्रपती संभाजीनगरातल्या, एका पाणक्याच्या पोराची. मलिक अंबरने १६१० मध्ये ते गाव वसवलं आणि डोंगराकडून जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली. तो जन्माने इथिओपियाचा, साधारण १५४८ चा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादवरून फिरत दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. म्हणजे आमच्या पुस्तकात हे एक पात्र असं होतं की ज्याच्या दिसण्याबद्दल वाद घालायला जागाच नव्हती.

पहिलं स्केच: गोरा, धारदार नाक, पिळदार मिशी. कॅलेंडरवरचा सरदार, फक्त टिळा तेवढा नव्हता. ताईला सांगितलं की आफ्रिकेतला माणूस आहे. दुसरं स्केच आलं तं ओठ सुजल्यासारखे, डोळ्यांचे पांढरे गोळे, कानात मोठं कडं. जुन्या जाहिरातीतला हबशी. म्हणजे डोक्यात दोनच साचे, एक आपला आणि एक तमाशाचा.

सुटका झाली ती त्याच्या काळातल्या लघुचित्रांमुळे. त्याची त्या वेळची चित्रं आहेत, ऑनलाइन मोठ्या साइझमध्ये बघता येतात: गडद रंग, भरलेलं शरीर, वय झालेलं, पांढरा पातळ जामा, पगडी, लांब तलवार. कार्टून नाही, चांगला करारी माणूस. एक चित्र तं भलतंच आहे, जहांगीरने आपल्या दरबारी चित्रकाराकडून, अबुल हसनकडून, साधारण १६१६ मध्ये काढून घेतलेलं, त्यात बादशहा भाल्यावरच्या मलिक अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारून राहिला. असं काही झालंच नव्हतं, अंबर त्यानंतर दहा वर्षं जगला आणि १६२६ मध्ये गेला. मैदानात हाती लागला नाही म्हणून चित्रात मारला. ताईने हे सगळं प्रिंट काढून भिंतीला लावलं आणि तिसऱ्या स्केचमध्ये माणूस आला.

पोरांना दाखवलं. पहिला प्रश्न: "हा सिद्दी जौहरचा भाऊ का?" पन्हाळ्याचा वेढा सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे हबशी म्हटलं की वेढा घालणाराच. शहाजीराजे १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत याच मलिक अंबरच्या बाजूने लढले हे सांगितलं तं एक जण म्हणाला, "मंग आधी काऊन नाही सांगितलं?" दुसरा प्रश्न होता की आफ्रिकेचा माणूस आपल्या पुस्तकात कायले आला. त्याच्यासाठी गोष्टीत दोन ओळी वाढवल्या, की तो इथं जन्मभर राहिला आणि खुलताबादला त्याची कबर आहे.

२६ जुलै

तिबेटी मुलीची गोष्ट पुस्तकातून काढली. गोंदिया जिल्ह्यात तिबेटी लोकांची जुनी वसाहत आहे आणि दर हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायला तिबेटी कुटुंबं येतात, आम्ही लहानपणापासून त्यांच्याकडूनच टोपी घेतो, पण स्केचमध्ये आल्या दोन रेघांच्या डोळ्यांच्या पिवळट मुली. ताईने दोनदा बदललं, दोन्ही वेळा तेच. भाव करताना आपण स्वेटर बघतो, माणूस बघत नाही, त्यामुळे कागदावर उतरवायला डोक्यात काही नव्हतंच. आणि जुलैमध्ये शहरात बाजार नाही, दाखवून विचारणार कोणाला. मजकूरही एखाद्या तिबेटी वाचकाने बघितल्याशिवाय छापू नये असं ठरलं.

याचा हिशेब असा: ४८ ची ४० पानं झाली, १६ पानी फॉर्मचे अडीच (फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं). अर्ध्या फॉर्मसाठी प्रेसवाले वेगळा भाव लावतात, त्यामुळे आठ पानं कमी होऊनही खर्च फारसा उतरला नाही.

३ ऑगस्ट

रंग भरणं. ताईला नेहमीचा एक 'त्वचा' रंग ठेवून त्यालाच गडद-फिका करायची सवय होती. ते बंद करून एक पट्टी केली. गूगलने २०२२ मध्ये एलिस मंक नावाच्या समाजशास्त्रज्ञाची दहा छटांची पट्टी खुली केली, ती फुकट मिळते, सुरुवात तिथून केली आणि मग आमच्या फोटोतल्या हातांवरून बदल केले. पहिली छटा सगळ्यात उजळ, दहावी सगळ्यात गडद; आमच्या पाच गोष्टींना चौथ्या छटेपासून पुढंच सगळं काम पडलं.

मग सगळी पानं जमिनीवर ओळीने मांडली, आणि हे कराच, स्क्रीनवर एकेक पान बघून कळत नाही. सगळ्यात गडद कोण? वीटभट्टीचा मुकादम. सगळ्यात उजळ कोण? शाळेतल्या बाई. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, एकेक पान वेगवेगळ्या दिवशी रंगलं होतं. बदललं. एका काकांनी विचारलं, "आता उलटं करता का, गोरे म्हणजे वाईट?" नाही, मुकादमाला मधली छटा दिली, त्याच्याच रंगाचा कामठीचा विणकर बाप आहे जो चांगला आहे. बाईंना गडद केलं.

आणि त्या गडद बाईंचं पान पाहून अभ्यासिकेतल्या एका छोट्या मुलीने विचारलं, "ही कामवाली आहे का?" फळा मागे आहे, हातात खडू आहे, तरी. आमच्यापैकी काहींचं म्हणणं पडलं की चष्मा द्या, चांगली साडी द्या, म्हणजे कळेल. मी विरोधात होतो. गोऱ्या बाईंच्या चित्रात चष्मा नव्हता आणि त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. पान तसंच ठेवलं.

२५ ऑगस्ट

पोळा आणि मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारे मोठे पुतळे) गर्दीत प्रेस बंद, प्रूफ म्हणजे छपाईआधीचा नमुना उशिरा मिळाला. मिरवणुकीत काळी मारबत जाताना पोरं जेवढी घाबरतात तेवढी पिवळीला घाबरत नाहीत, जाळतात दोन्ही, हे यंदा पहिल्यांदा लक्षात आलं.

प्रूफ खराब. सगळे चेहरे काजळी लागल्यासारखे. कारण कळायला वेळ लागला, ते असं: ताईची फाइल स्क्रीनच्या रंगात होती, ती सॉफ्टवेअरने आपोआप चार शाईत बदलली, आणि गडद रंग आला की ते काळी शाई टाकून मोकळं होते. त्यात आमचा कागद मॅपलिथो, चकचकीत नाही, शाई पिऊन ठिपका फुगतो, त्यामुळे मधल्या छटा सगळ्या एकमेकीत मिसळल्या. रेणू आणि आजोबा दोघांचा एकच डाग.

काय केलं: चेहऱ्यांतून काळी शाई जवळजवळ काढली, गडदपणा मॅजेंटा (गुलाबी), पिवळा आणि सायन (निळसर) या शायांतून आणला. पिवळा मॅजेंटापेक्षा थोडा वर, सायन मॅजेंटाच्या अर्ध्याच्या आसपास, जास्त गडद चेहऱ्याला सायन वाढवायचा. मधल्या छटा फाइलमध्येच थोड्या हलक्या ठेवल्या, कागद पुढचं काम करतो. चेहऱ्याची बाहेरची रेघ काळीऐवजी गडद तांबूस. गालावर, नाकावर चमक दाखवायला पांढरा नाही, पिवळसर. पट्टीतल्या छटाही कमी केल्या, शेजारशेजारच्या दोन छटा या कागदावर एकच दिसतात. दुसरं प्रूफ बरंच सुधारलं. डिजिटल प्रूफवर भागवू नका, ते वेगळ्या कागदावर येते, आमचा घोळ अर्धा तिथंच झाला. खऱ्या कागदावर, खऱ्या मशीनवर एक शीट मारून घ्या, पैसे लागले तरी.

५ सप्टेंबर

पहिला फॉर्म छापून आला आणि रेणू पुन्हा गोरी!

प्रूफ पास होतं, प्लेटा बरोबर होत्या. प्रेसमध्ये गेलो तं मशीनवाले दादा खुशीत, "चेहरे काळे येऊन राहिले होते साहेब, मी शाई कमी करून साफ करून दिले." आपल्याकडून एक्स्ट्रा काम, त्याचे पैसेही मागितले नाहीत. भांडायला गेलेला माणूस भांडूच शकत नाही अशी परिस्थिती. लग्नाच्या अल्बमपासून मंगल कार्यालयाच्या फ्लेक्सपर्यंत ज्याने आयुष्यभर गिऱ्हाइकाचे चेहरे साफ करून दिले, त्याने आमचेही केले.

त्यांच्या टेबलाजवळ रंग जुळवायचा जुना चार्ट टांगलेला होता, त्यावरही एक गोरी बाई. फोटोच्या धंद्यातही असंच होतं. कोडॅकची 'शर्ली कार्डं' असायची, त्यांवरच्या गोऱ्या बाईच्या चेहऱ्यावरून लॅबवाले प्रिंटचा रंग ठरवत, वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. चार्टावरची बाई नीट आली की मशीन नीट, बाकी चेहऱ्यांचं काहीही होवो.

दादांना पास केलेलं प्रूफ मशीनपाशी लावून दिलं, त्यावर मार्करने 'चेहरे असेच हवेत, साफ करू नये' लिहिलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "पोरं घेतील का पण?"

११ सप्टेंबर

पहिला फॉर्म पुन्हा छापला. कागद आणि मशीनचं मिळून साडेसहा हजार गेले, अर्धे प्रेसने सोसले, अर्धे आम्ही. पूर्ण त्यांच्यावर टाकता आले असते, पण दुसऱ्या फॉर्मला दादांनी स्वतः फोन करून बोलावलं की या, तुमच्यासमोर रंग लावतो, त्यामुळे ठीक आहे. प्रत्येक फॉर्मच्या सुरुवातीला कोणीतरी तिथं उभं राहायला हवं. लेखी सूचना फाइलसोबत जाते, मशीनपाशी पोचत नाही.

पावसाळी हवेने कागद वाकला म्हणून उरलेला अर्धा फॉर्म दोन दिवस थांबला. त्याला इलाज नाही.

२१ सप्टेंबर

बाइंडिंगहून पहिला गठ्ठा आला. गोंड मुलीच्या गोष्टीबद्दल या नोंदींत काही लिहिलं नाही कारण तिथं फार अडलं नाही, मजकूर लिहिणारीच त्या समाजातली, तिने ताईजवळ बसून पहिल्या स्केचमध्येच डोक्यावरची पिसं खोडली आणि स्कूल बॅग काढायला लावली. बाकी चार गोष्टींनाही असं माणूस पहिल्या दिवसापासून बसवलं असतं तं जून-जुलै वाचला असता.

दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहून ठेवलेलं: पान २७ वर मुकादमाची छटा छापताना परत गडद झाली, प्लेट बदलावी लागेल. कव्हरवरचं लॅमिनेशन चकचकीत आहे त्यामुळे कव्हरवरची रेणू आतल्या रेणूपेक्षा वेगळी दिसते, मॅट करायचं. तिबेटी गोष्टीचा मजकूर घेऊन स्वेटर बाजार लागला की जायचं, आधी वाचून दाखवायचा, मग चित्राचं बोलायचं. आणि काल एका आईने पुस्तक चाळून विचारलं की पाचही गोष्टींत आया चुलीपाशीच काऊन आहेत. मोजलं, खरं आहे. ते पुढच्या वेळी मजकुराच्याच टप्प्यावर घ्यायचं.

रंगांची पट्टी आणि शाईचे आकडे असलेली फाइल अभ्यासिकेच्या कॉम्प्युटरवर आहे, पेन ड्राइव्ह घेऊन या. मॅपलिथोच वापरणार असाल तरच ते आकडे चालतील, आर्ट पेपरला (चकचकीत कागदाला) वेगळे काढावे लागतील.